विद्यापीठात धर्माचा अभ्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धर्माचा अभ्यास करायला आलेल्या मुलामुलींना मी बरीच वर्षं शिकवते आहे. प्रवेशाआधी, पहिल्या तासानंतर, एखादं व्याख्यान संपल्यावर जिन्यात उभ्या उभ्या जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे घाई करून चालत नाही.

धर्माच्या वर्गात नेमकं शिकवतात तरी काय?

ग्रंथ वाचले जातात, पण तो एक भाग झाला. लोक विधी कसे करतात, कोणत्या कथा सांगतात, कोणाला आत घेतात आणि कोणाला दाराबाहेर ठेवतात, माणूस गेल्यावर त्याच्या देहाचं काय करतात, देवस्थानाचा पैसा कोणाच्या हाती असतो, हे सगळं अभ्यासात येतं. त्यासाठी इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, भाषा, तत्त्वज्ञान अशा सगळ्या विषयांची अवजारं वापरली जातात.

१९६७ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात निनियन स्मार्ट यांनी धर्माभ्यासाचा विभाग उभा केला. धर्माकडे पाहताना कोणत्या बाजू सुटू नयेत हे त्यांनी मांडून ठेवलं आहे. विधी, कथा, अनुभव, तत्त्वविचार, नीती, समाजरचना आणि नंतर त्यात घातलेली वस्तू-वास्तूंची बाजू. नवख्या विद्यार्थ्याने ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी असं मी सांगते. धर्म म्हटलं की आपण थेट तत्त्वविचाराला हात घालतो आणि 'हे लोक काय मानतात?' एवढंच विचारतो. रोज न चुकता प्रार्थनेला जाणाऱ्या माणसाला तुम्ही सिद्धान्त विचारलात तर तो कदाचित अडखळेल. पण कुठे उभं राहायचं, कधी वाकायचं, कोणते शब्द मोठ्याने आणि कोणते मनात म्हणायचे, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. तेही ज्ञानच आहे, आणि ते कसं पोचतं, कोण शिकवतं, चुकलं तर कोण टोकतं, हे विचारण्यासारखे प्रश्न आहेत.

मी श्रद्धाळू आहे. / मी काहीच मानत नाही. मला हा विषय जमेल का?

दोघांनाही जमतो आणि दोघांनाही जड जातो, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी. श्रद्धाळू विद्यार्थी दुसऱ्या धर्मांबद्दल छान लिहितो आणि स्वतःच्या धर्मापाशी आला की त्याचं लेखन प्रवचनासारखं होऊ लागतं. काहीच न मानणारा विद्यार्थी 'हे सगळं भीतीपोटी आलं' असं म्हणून एका वाक्यात निकाल लावतो, आणि मग त्याच्याकडे विचारायला काही उरत नाही.

देव आहे की नाही, अमुक साक्षात्कार खरा की खोटा, याचा सोक्षमोक्ष वर्गात लावला जात नाही. स्मार्ट याला पद्धतीपुरता अज्ञेयवाद म्हणत. घरी गेल्यावर तुम्ही काय मानता हा तुमचा प्रश्न. मी माझ्या विद्यार्थ्यांपुढे दोन पायऱ्या ठेवते, आणि त्यांचा क्रम बदलू देत नाही. पहिली पायरी म्हणजे समोरच्याचा धर्म असा मांडता यायला हवा की तो वाचून त्या धर्माच्या माणसाने 'हो, हे आमचंच आहे' म्हणावं. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ या कॅनडाच्या अभ्यासकाने १९५९ मध्ये हा निकष आग्रहाने मांडला. दुसरी पायरी ब्रूस लिंकन या अमेरिकन अभ्यासकाने १९९६ मध्ये नेमक्या शब्दांत सांगितली. इथे कोण बोलतंय, कोणाला उद्देशून, त्यात कोणाचा फायदा आणि कोणाचं नुकसान, हे विचारायचं. ते विचारल्यावर त्या धर्माच्या माणसाला कदाचित आवडणार नाही. ते चालेल. पण पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारली तर ती टीका कोणाच्याच उपयोगाची नसते, कारण जे समजलंच नाही त्यावर ती केलेली असते.

या दोन्ही पायऱ्या एका माणसात पाहायच्या असतील तर धर्मानंद कोसंबी पाहा. गोव्यात १८७६ मध्ये जन्मलेला हा माणूस बुद्धाच्या ओढीने १९०२ मध्ये श्रीलंकेत पोचला, तिथे पाली शिकला, भिक्षू झाला. १९१० मध्ये 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम करायला हार्वर्डला गेला. पुढे बुद्धचरित्र लिहिताना म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडलं ही सर्वांना तोंडपाठ असलेली कथा त्याने बाजूला ठेवली आणि जुन्या सुत्तांच्या, म्हणजे बुद्धाच्या उपदेशाच्या पाली ग्रंथांच्या आधाराने वेगळं कारण मांडलं. बुद्धावर त्याचा जीव होता, आणि म्हणूनच पुरावा काय सांगतो हे त्याने डोळ्यांआड केलं नाही.

अभ्यासामुळे माझी श्रद्धा डळमळेल का?

हा प्रश्न विद्यार्थ्यांपेक्षा आईवडील जास्त विचारतात, आणि त्याला गोल गोल उत्तर देणं मला पटत नाही. काहींची श्रद्धा बदलते. एखादा ग्रंथ एका हाताने, एका बैठकीत लिहिलेला नाही, त्यात शतकानुशतकं भर पडत गेली आहे, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा काही जणांना पायाखालची वाळू सरकल्यासारखं वाटतं. काहींना उलट वाटतं. इतक्या पिढ्यांनी हे जपलं, त्यात आपली भर घातली, याचाच त्यांना आधार वाटतो. काही नास्तिक विद्यार्थी वर्षअखेरीस नास्तिकच राहतात, पण आजीशी बोलण्याची त्यांची तऱ्हा बदलते.

कोणाचं मन कुठे वळवायचं हे शिक्षकाचं काम नाही. तसा प्रयत्न कोणी शिक्षक करत असेल, या किंवा त्या बाजूने, तर विभागप्रमुखांकडे जायला कचरू नका. आणि अस्वस्थ वाटायला लागलं तर एकट्याने कुढत बसू नका. अनेक विद्यापीठांत वेगवेगळ्या धर्मपरंपरांचे सल्लागार असतात, समुपदेशक असतात. वर्गात जे बोलणं अवघड जातं ते तिथे बोलता येतं.

मग धार्मिक शिक्षणात आणि यात फरक काय?

धार्मिक शिक्षण माणसाला त्या धर्मात घडवतं. पुरोहित, धर्मोपदेशक, मौलवी, भिक्षू तयार करणाऱ्या संस्था ते काम करतात, आणि त्यांतल्या कित्येक ठिकाणची विद्वत्ता फार वरच्या दर्जाची असते. विद्यापीठातला विभाग धर्माविषयी शिकवतो, आणि कोणत्याही धर्माच्या वा निधर्मी विद्यार्थ्याला तिथे सारखीच जागा असते.

हा फरक कोर्टातही तपासला गेला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये अ‍ॅबिंग्टन विरुद्ध शेंप या खटल्यात सरकारी शाळांतलं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. त्याच निकालात असंही म्हटलं की धर्मांच्या तौलनिक अभ्यासाशिवाय शिक्षण पुरं होत नाही असं म्हणता येईल. त्यानंतर तिथल्या सरकारी विद्यापीठांत या विषयाचे विभाग झपाट्याने वाढले. भारतीय संविधानाच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण धर्मांविषयी शिकवणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात मान्य केलं.

पहिल्या सत्रात कोणता कोर्स घेऊ?

बहुतेक ठिकाणी 'जगातले धर्म' असा एक ओळख करून देणारा कोर्स असतो. हिंदू, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम, प्रत्येकाला दोन-तीन आठवडे. तो घ्यायला हरकत नाही, फक्त त्याची मर्यादा ओळखून घ्या. या मांडणीत प्रत्येक धर्म एकसंध दिसतो, एक संस्थापक, एक ग्रंथ, काही सण. ज्यांना संस्थापक नाही, ज्यांचा ग्रंथ नाही, जे दोन परंपरांत एकदमच वावरतात, ते या साच्यात बसत नाहीत. आफ्रिकेतल्या आणि आदिवासी परंपरा तर शेवटच्या आठवड्यात एकत्र उरकल्या जातात, हे मला आजही खटकतं.

मला विचाराल तर एका विषयाभोवती गुंफलेला कोर्स घ्या. तीर्थयात्रा, मृत्यू, शरीर आणि शुद्धाशुद्ध, धर्म आणि कायदा, असं काही. तीर्थयात्रेच्या कोर्समध्ये मक्का, स्पेनमधलं ख्रिस्ती तीर्थ सांतियागो आणि पंढरपूर एकाच आठवड्यात समोर येतात, आणि साम्य कुठे संपतं हे आपोआप दिसू लागतं. संस्कृतचे जर्मन अभ्यासक माक्स म्यूलर यांनी १८७० मध्ये लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत सांगितलं होतं की ज्याला एकच धर्म माहीत आहे त्याला एकही माहीत नाही. तुलना करायची ती यासाठी.

निवडण्याआधी अभ्यासक्रमपत्रिका मागून घ्या आणि तीन गोष्टी बघा. मूळ ग्रंथांचे उतारे वाचायला आहेत की नुसती पाठ्यपुस्तकं? वाचनात त्या परंपरेच्या आतले लेखक आहेत का, आणि स्त्रिया आहेत का? एखादी भेट किंवा मुलाखत करावी लागते का? या तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर शिक्षक कसा शिकवतो याची चौकशी सावकाश केली तरी चालेल.

संस्कृत, अरबी, हिब्रू वगैरे शिकावंच लागतं का?

पदवीच्या पहिल्या पायरीवर नाही. संशोधन करायचं असेल तर होय, आणि लवकर सुरुवात केलेली बरी. कोसंबींनी पालीसाठी समुद्र ओलांडला; तुम्हाला फार तर वेळापत्रकातले सकाळचे तास सांभाळावे लागतील. भाषा येत नसेल तोवर एकाच उताऱ्याची दोन-तीन भाषांतरं शेजारी ठेवून वाचायची सवय लावा. जिथे भाषांतरकारांचं पटत नाही, बरोबर तिथेच काहीतरी दडलेलं असतं. म्यूलर यांच्या संपादनाखाली १८७९ ते १९१० या काळात पूर्वेच्या धर्मग्रंथांच्या भाषांतरांची पन्नास खंडांची माला निघाली. तिचा उपयोग आजही होतो, पण त्यातली भाषा आणि टीपा त्या काळाच्या आहेत हे विसरून चालत नाही.

आणि जिवंत भाषा विसरू नका. घरी बोलली जाणारी भाषा येणं ही या विषयात फार मोठी पुंजी आहे. भजनं, ओव्या, कहाण्या, नवसाची बोलणी यांतलं कितीतरी भाषांतरात पोचलेलंच नसतं.

धर्मग्रंथ वाचायचा कसा? मला वाटलं होतं, तो तर वाचलेलाच आहे.

ग्रंथालयात जा आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा एखादा खंड उघडा. ते काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि मूळ संहितेचं काम १९६६ मध्ये पुरं झालं. त्यासाठी बाराशेहून जास्त हस्तलिखितं तपासली गेली. एखादं पान समोर धरा. वरच्या भागात मोजके श्लोक. खाली बारीक अक्षरांत पाठभेदांची दाटी. या हस्तलिखितात हा शब्द, त्या हस्तलिखितात तो, अमुक पोथ्यांत इथे आणखी ओळी. काही शब्दांखाली नागमोडी रेघ दिसेल. संपादकांना तिथला पाठ निश्चित वाटला नाही, म्हणून ती मारली आहे.

ही नागमोडी रेघ मला फार महत्त्वाची वाटते. ज्यांनी आयुष्यं त्या कामात घालवली त्यांनी आपल्याला किती खात्री आहे हे शब्दागणिक सांगितलं आहे. ग्रंथ वाचताना हीच सवय लागायला हवी. हे कोणी लिहिलं, कोणी उतरवलं, कोणी वगळलं, कोणत्या सभेत वाचलं गेलं, कोणाला वाचायची मुभा नव्हती? हे प्रश्न पडू लागले की शंभरदा वाचलेला उतारासुद्धा नवा वाटतो.

चर्चासत्रात मी गप्पच बसतो. नुसतं ऐकलं तर नाही का चालत?

सुरुवातीला चालतं. पण चर्चासत्राची गंमत स्वतःचं काहीतरी मांडण्यात आहे. डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी होते तेव्हा गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी ९ मे १९१६ रोजी भारतातल्या जातींच्या उगमावर निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. तोवर प्रसिद्ध असलेल्या अभ्यासकांच्या व्याख्या एकेक करून घेऊन त्यांनी तपासल्या, कोणाचं काय बरोबर आणि कुठे अपुरं ते दाखवलं, आणि मग आपलं म्हणणं ठेवलं. चर्चासत्रातला निबंध कसा बांधावा याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. आधी इतरांचं नीट सांगायचं, मग आपलं.

व्याख्यानांना जाऊन खरंच काही मिळतं का? परीक्षेत तर ते येत नाही.

परीक्षेत येत नाही, आणि माझ्या मते या विषयाचं निम्मं शिक्षण तिथेच होतं. पुस्तकात तुम्हाला माणसाचं झालेलं काम दिसतं. व्याख्यानात ते काम चालू असताना दिसतं. वक्ता कुठे थांबतो, कोणत्या प्रश्नावर 'मला अजून कळलेलं नाही' म्हणतो, हेही कळतं.

धर्मावरच्या जाहीर व्याख्यानांना मोठी परंपरा आहे. स्कॉटलंडमधले न्यायाधीश अ‍ॅडम गिफर्ड यांनी आपल्या मृत्युपत्रात तिथल्या चार विद्यापीठांना व्याख्यानमालेसाठी पैसा ठेवला. १८८८ पासून ही व्याख्यानं सुरू झाली. वक्ता कोणत्याही पंथाचा असावा, कोणताही धर्म न मानणारा असला तरी चालेल, आणि व्याख्यानं विद्यार्थ्यांपुरती न ठेवता सर्वांना खुली असावीत, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. एकोणिसाव्या शतकातल्या माणसाने हे लिहिलं याचं मला मोठं कौतुक वाटतं. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १९०१-०२ मध्ये एडिंबरोत धार्मिक अनुभवांवर याच मालेत व्याख्यानं दिली, आणि त्यांतून झालेलं पुस्तक अजून वर्गात वाचलं जातं.

जाण्याआधी वक्त्याचा एखादा लेख वाचून जा, निदान पहिली चार पानं. कार्यक्रम कोणी ठेवला आहे ते बघा. विभागाने, एखाद्या धर्माच्या विद्यार्थी मंडळाने, की बाहेरच्या देणगीदाराने? तिन्ही ठिकाणी ऐकण्यासारखं असू शकतं, पण प्रत्येक ठिकाणी बोलण्याचा हेतू वेगळा असतो. ऐकताना सगळं टिपून घेऊ नका. वक्त्याने दिलेलं एक उदाहरण पूर्ण लिहा आणि त्या उदाहरणातून तो निष्कर्षाकडे कसा गेला ते लिहा. व्याख्यानाची ताकद किंवा कच्चा दुवा बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

प्रश्न विचारायचा तर एका वाक्यात, उभं राहण्याआधी कागदावर लिहून. स्वतःची ओळख, मग स्वतःचं मत, मग त्यावर 'आपल्याला काय वाटतं?' असा प्रश्न करू नका. 'तुम्ही म्हणालात की या विधीत स्त्रिया पुढे असतात. मग त्याचे निर्णय कोण घेतं?' असा प्रश्न विचारला की वक्ता थांबून विचार करतो. भर सभेत धीर झाला नाही तर संपल्यावर पुढे जाऊन विचारा. तिथे पाच मिनिटांत जे बोलणं होतं ते कित्येकदा तासाभराच्या भाषणापेक्षा मोकळं असतं.

कॅम्पसवर सण, प्रार्थना, सर्वधर्म संवाद असे कार्यक्रम होतात. ते अभ्यासात मोडतात का?

मोडू शकतात, तुम्ही कशासाठी गेलात हे तुम्हाला स्पष्ट असेल तर. सर्वधर्म संवादाच्या व्यासपीठावर प्रत्येक जण आपल्या धर्मातलं उत्तम तेवढं सांगतो. १८९३ मध्ये शिकागोला भरलेल्या सर्वधर्म परिषदेपासून हे चालत आलं आहे. विवेकानंद, श्रीलंकेचे बौद्ध अनागारिक धर्मपाल, जैन धर्माचे वीरचंद गांधी तिथे बोलले, आणि आशियातले धर्म त्यांच्याच माणसांच्या तोंडून ऐकण्याची संधी अनेकांना पहिल्यांदा मिळाली. त्या परिषदेचं मोल मोठं आहे. अभ्यासकाने मात्र आणखी एक गोष्ट टिपावी. व्यासपीठावर कोण आहे आणि कोण नाही? त्या धर्मातल्या स्त्रिया, खालचे मानले गेलेले, वेगळं मत असलेले, त्यांना कोणी बोलावलं होतं का?

सणाला किंवा प्रार्थनेला जायचं असेल तर आधी विचारून जा. 'मी विद्यार्थी आहे, बघायला येऊ का?' एवढं म्हटलं की बहुतेक ठिकाणी आपुलकीने बोलावतात. कपडे, पादत्राणं, डोकं झाकणं, स्त्री-पुरुषांच्या बसायच्या जागा यांची चौकशी करा. फोन खिशात ठेवा. परवानगीशिवाय फोटो किंवा ध्वनिमुद्रण नको. सगळ्यात सहभागी व्हायलाच हवं असं नाही, आणि सगळीकडे होताही येत नाही. कॅथलिक मिस्सेत प्रसादाची भाकर ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाते, ती इतरांनी घ्यायची नसते. जागेवर शांत बसून राहावं. गुरुद्वारात मात्र लंगर सर्वांसाठी असतं, तिथे पंगतीला बसणं हाच मान. परतल्यावर त्याच दिवशी लिहा. उद्यावर टाकलंत तर काय दिसलं आणि तुम्हाला काय वाटलं, यांची सरमिसळ होते.

प्रत्यक्ष लोकांत जाऊन पाहणं का गरजेचं, यासाठी दोन नावं सांगते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम यांनी १९१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या धर्मावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि ऑस्ट्रेलियात ते कधीही गेले नव्हते. सिद्धान्त म्हणून त्याचं वजन आजही आहे, पण त्या लोकांबद्दलचे तपशील दुसऱ्यांनी लिहिलेले होते. इरावती कर्वे मात्र दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या. वाटेवर सगळे तेच अभंग गातात आणि जेवायला बसताना जातीनुसार वेगळे होतात, हे त्यांनी पाहिलं, लिहिलं, आणि त्याचं दुःख झाल्याचंही लिहिलं. वारीचा आनंद आणि ही फट, दोन्ही एकाच लेखात आहे. दुरून पाहणाऱ्याला यातलं एकच दिसलं असतं.

वर्गात कोणाच्या भावना दुखावल्या तर?

दुखावतात. जिथे लोकांचं सर्वांत जवळचं काही चर्चेला येतं तिथे हे होणारच, आणि ते टाळण्यासाठी अवघड विषयच गाळले तर विभाग बंद केलेला बरा. धर्माच्या नावाने झालेली हिंसा, अस्पृश्यता, स्त्रियांवरची बंधनं, धर्मांतर, हे शिकवावंच लागतं. ज्यांनी हे सोसलं त्यांच्या घरातली मुलं वर्गात बसलेली असतात. 'भावना' हा शब्द आला की त्यांच्याही भावना मोजायला हव्यात. बहुतेक वेळा त्यांच्याकडेच कानाडोळा होतो.

माझा एक नियम आहे आणि मी तो पहिल्याच तासाला सांगते. समोर बसलेल्या सहाध्यायाकडून त्याच्या संपूर्ण धर्माचा जाब मागायचा नाही. मुस्लिम विद्यार्थिनीकडे बघून 'तुमच्यात असं का?' असं विचारायचं नाही. ती इथे शिकायला आली आहे, प्रवक्ता म्हणून नाही. विचारायचं ते ग्रंथाला, पुराव्याला, मांडणीला. ती आपण होऊन काही सांगेल तर मात्र कान देऊन ऐका. आणि एखादं विधान टोचलं तर लगेच उत्तर द्यायच्या आधी ते बोलणाऱ्याच्या शब्दांत पुन्हा म्हणून दाखवा. निम्मे वाद तिथेच निवळतात. उरलेले निम्मे खरे असतात आणि ते घालण्यासारखे असतात.

निबंधात मला नेहमी 'फार ढोबळ' असा शेरा मिळतो. काय करू?

कर्ता बदला. 'बौद्ध धर्म अहिंसा शिकवतो' असं वाक्य पन्नास निबंधांत येतं. धर्म स्वतः काही शिकवत नाही, माणसं शिकवतात. कोणती माणसं, कधी, कुठे, ते लिहा. विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचाराच्या नियमांत जाणूनबुजून मनुष्यहत्या करणारा भिक्षू संघातून कायमचा बाहेर जातो. हे एक ठोस विधान झालं. आता श्रीलंकेच्या 'महावंस' या पाली बखरीत या. युद्ध जिंकलेला दुट्ठगामणी राजा इतकी माणसं मारली म्हणून तळमळतो आहे, आणि अर्हंत, म्हणजे मुक्ती मिळवलेले भिक्षू, येऊन त्याचं सांत्वन करतात. मेलेल्यांत खऱ्या अर्थाने माणसं दीडच होती, एक बुद्धाला शरण गेलेला आणि एक शील पाळणारा (दोघांतला एक अर्धाच मोजला), बाकीच्यांची गणती नाही, असं सांगतात. दोन्ही मजकूर पालीत आहेत, दोन्ही भिक्षूंनीच जपले आहेत. हे दोन शेजारी ठेवलेत की 'अहिंसा' हा शब्द न वापरताही तुमच्या निबंधाला प्रश्न मिळतो. बखर लिहिणाऱ्या भिक्षूंना हे सांत्वन का हवं होतं?

'प्राचीन काळापासून', 'सर्व धर्म एकच सांगतात' आणि 'खरा धर्म असं सांगत नाही' ही तीन वाक्यं दिसली की खोडून टाका. तिसरं सर्वांत गोड आणि सर्वांत घातक. खरा धर्म कोणता हे ठरवणं धर्मोपदेशकाचं काम आहे.

नोकरीचं काय?

या पदवीच्या नावाची नोकरी शिकवण्याच्या आणि संशोधनाच्या क्षेत्रातच आहे, आणि तिथे जागा थोड्या असतात. पण पत्रकारिता, कायदा, प्रशासन, संग्रहालयं, रुग्णसेवा, सामाजिक संस्था इथे माणसं काय मानतात हे समजणाऱ्याची गरज रोज पडते. मुख्य विषय दुसरा ठेवून हा जोडविषय म्हणून घेतला तरी उत्तम. वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांना तर मी आग्रहच करते. रुग्ण उपवास का सोडत नाही, रक्त का नाकारतो, मरणाऱ्याजवळ कोण असावं, या प्रश्नांशी त्यांची गाठ पडणारच आहे.

मी विद्यापीठात नाही, वयही झालं आहे. मला यातलं काही मिळेल का?

बऱ्याच विद्यापीठांची जाहीर व्याख्यानं खुली आणि विनामूल्य असतात, कित्येकांचं ध्वनिचित्रमुद्रणही ठेवलेलं असतं. विभागाच्या सूचनायादीत नाव घाला. शिक्षकाला विचारून एखाद्या कोर्सला केवळ श्रोता म्हणून बसता येतं का ते पाहा. अनेक जण आनंदाने बसू देतात. वाचनगट असेल तर तो सर्वांत चांगला, कारण तिथे एकच उतारा तासभर चालतो. माझ्या वर्गात येऊन गेलेल्या निवृत्त श्रोत्यांनी तरुण मुलांना जे प्रश्न विचारले ते मला सुचले नसते. येताना वही आणा आणि पहिल्या रांगेत बसा.